चौकटीतले मेतोदी काका

बस कामेना रेकाच्या थांब्याकडे वळली तेव्हा बिल्याना मांडीवरच्या पिशवीत मोबाइल शोधत होती. मान वर केली तशी नजर थेट थांब्याच्या पत्र्यावर गेली आणि तिच्या काळजात धस्स झालं. पत्र्यावर नेहमीसारखी शोकपत्रं चिकटवलेली होती, एकावर एक, काही पावसानं फुगलेली, काही कोपऱ्यातून सुटलेली. त्यांतल्या सगळ्यांत ताज्या कागदावरून, काळ्या चौकटीतून, मेतोदी काका तिच्याकडे पाहून हसत होते.

तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला, मग पोटाकडे, मग दोन्ही खांद्यांना. शेजारच्या सीटवरच्या बाईनंही सोबत म्हणून क्रूस काढला आणि उसासा टाकला. फोटोच्या वर मोठ्या ठळक अक्षरांत ‘सहा महिने’ लिहिलेलं होतं. चाळीस दिवस, सहा महिने, एक वर्ष. माणूस गेला की गावात कागद याच क्रमानं लागतात. म्हणजे काकांना जाऊन सहा महिने झाले? पण गेल्याच महिन्यात तर आपण त्यांच्या अंगणात बसून चीज भरलेली बानित्सा खाल्ली, ते स्वतः वाढत होते!

बस थांबली. ती उतरून दोन पावलं पत्र्याजवळ गेली आणि तिला अक्षरांची वळणं ओळखू आली. ती अक्षरं तिनंच निवडली होती. फोटो तिनंच काढला होता. ‘सहा महिने’च्या खाली, बारीक अक्षरांत, ‘एकही गोळी न चुकवता’ हे शब्द तिनंच लिहिले होते. कागद तिचाच होता.

मागून बस निघून गेली. खिडकीतून त्या बाईनं तिला सांत्वनाचा हात केला. बिल्यानाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

ती संख्याशास्त्र शिकलेली. सोफियात आरोग्याच्या आकडेवारीचं काम करणाऱ्या एका छोट्या गटात तिला नोकरी लागून वर्ष झालं होतं. आकडे लोकांना समजतील असे मांडायचे, हे तिचं काम. आपल्याच गावचं काम आलं तेव्हा ती हरखून गेली होती. गावातल्या डॉक्टरीणबाई वासिलेवांनी पाठवलेल्या तक्त्यात नुसत्या ओळीच ओळी होत्या, पण अर्थ एकच निघत होता: रक्तदाबाच्या गोळ्या लोक सुरू करतात आणि थोडं बरं वाटलं की सोडून देतात. शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये तपासणी ठेवली होती. त्याआधी गावभर एक कागद लावायचा होता. बैठकीत बिल्यानानं ठासून सांगितलं होतं, “तक्ता कोणी वाचत नाही. एक माणूस दाखवू या. एक चेहरा, एक रेघ, एक वाक्य. रस्त्यानं चालता चालता कळलं पाहिजे.”

माणूस म्हणून मेतोदी काका मिळाले. डेअरीतून निवृत्त झालेले, लग्नात नाचाच्या साखळीचं पहिलं टोक धरणारे, फोटोची हौस असलेले. सहा महिने त्यांनी खरोखरच एकही गोळी चुकवली नव्हती. त्यांचा दाब महिन्यागणिक उतरत गेला होता. बिल्यानानं ती रेघ फोटोखाली काढली, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात उतरणारी. अनावश्यक ते सगळं पुसून टाकलं. नाव आणि जन्माचं वर्ष ठेवलं, कारण वय कळणं गरजेचं होतं. शेवटी सगळं एकत्र बांधून ठेवायला एक चौकट दिली. तिच्या पडद्यावर चौकट आकाशी होती, रेघ नारिंगी आणि काकांच्या मागचे टोमॅटो लालचुटुक. काकांना तिनं ते लॅपटॉपवर दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, “मी तर मंत्री दिसतोय.”

पालिकेचा प्रिंटर फक्त काळं छापतो हेही तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं काळ्या-पांढऱ्यात तपासून पाहिलं होतं, आणि गटाला कळवलंही होतं की रंग गेले तरी स्पष्टपणात काही फरक पडत नाही. तिनं एकच गोष्ट तपासली नव्हती. तो कागद खांबावर, पत्र्यावर, दारावर, बाकीच्या कागदांच्या रांगेत लावून, चार पावलं मागे जाऊन तिनं पाहिला नव्हता.

ती तडक काकांच्या घरी गेली.

दार त्सोंका काकूंनी उघडलं. हात पिठाचे, ओढणी कपाळापर्यंत. त्यांनी बिल्यानाच्या हातांकडे पाहिलं.

“फुलं नाही आणलीस? सगळ्यांनी आणली.”

अंगणात नळाजवळ बादली होती. तिच्यात कार्नेशनची फुलं सुकत चालली होती.

“मोजून बघ. सगळी जोडीनं. जिवंत माणसाला जोडीनं फुलं देतात का गं? तू इथेच वाढलीस ना?”

“काकू, पालिकेचा प्रिंटर काळाच छापतो. माझ्याकडे ती चौकट आकाशी होती, मी तुम्हाला दाखवते—”

“प्रिंटर आला होता का इथे फोटो काढायला?”

बिल्यानानं पिशवीतून निम्मा बाहेर काढलेला लॅपटॉप परत आत ढकलला.

मेतोदी काका द्राक्षाच्या मांडवाखाली पाठ करून बसले होते. वळलेसुद्धा नाहीत. “कोण आलंय?”

“बिल्याना.”

“तिला सांग, मी गेलो. सहा महिने झाले.”

काकूंनी तिला खुर्ची दिली नाही, पण हकीकत सांगितली. कागद लागले त्या सकाळी खालच्या आळीतली एक विधवा मेलेल्याच्या नावानं वाटायचे शिजवलेले गहू घेऊन आली. दार मेतोदींनीच उघडलं. तिच्या हातातला वाडगा खाली पडला, गहू पायरीभर सांडले. मेतोदी हसून हसून बेजार झाले. दुपारी कॅफेत त्यांचा दोस्त एव्स्ताती यानं त्यांच्या समोरच राकिया दारूचे चार थेंब जमिनीवर सांडले आणि “देव याला क्षमा करो” म्हणत मेलेल्यासाठी पितात तसा, ग्लासाला ग्लास न भिडवता प्यायला. तेव्हाही ते हसले. मग प्लेव्हेनहून त्यांच्या चुलतबहिणीचा फोन आला. कोणीतरी तिला कागदाचा फोटो पाठवला होता. फोन मेतोदींनीच उचलला, पण ती रडण्याच्या भरात आवाज ओळखेना. “मला त्याचा हात शेवटचा धरायला मिळाला नाही,” असं त्यांनाच सांगत राहिली.

“त्यानंतर हसला नाही,” काकू म्हणाल्या. “त्या संध्याकाळी गोळ्यांची डबी बघत बसला आणि खणात टाकली. त्याला दहा दिवस होत आले.”

कागदाचं हसं झालं असतं तर बिल्यानानं ते सोसलं असतं. गावात ज्या एका माणसानं गोळी सोडली नव्हती, त्यानं तिच्या कागदामुळे सोडली होती. आणि त्याचा मूळचा आकडा काय होता हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

“काका, गोळी अशी एकदम बंद करून चालत नाही. तुमचा दाब...”

“गोळी हातात घेतली की तो कागद दिसतो,” मेतोदी मांडवाकडे बघतच बोलले. “मेतोदीनं गोळ्या घेतल्या, सहा महिने झाले, रेघ खाली गेली, संपलं. असंच लिहिलंय ना तिथे?”

“नाही, काका. रेघ खाली जाते म्हणजे दाब कमी होतो. चांगलं आहे ते.”

“चांगलं?” आता ते वळले. चेहरा सुजल्यासारखा लाल दिसत होता. “पोरी, या गावात खाली जाणारी रेघ कधी चांगली बघितलीस तू? शाळेतली पोरं बघ. डेअरीतलं दूध बघ. नाचाला उभी राहणारी माणसं बघ. मीसुद्धा खालीच चाललो, असं तू चिकटवलंस.”

खाली म्हणजे उतार, वर म्हणजे चढ, एवढंच बिल्यानानं धरलं होतं.

“काल डॉक्टरीणबाई येऊन मोजून गेल्या,” काकू म्हणाल्या. “किती भरलं ते तुला सांगत नाही. परत कागदावर लावशील.”

तिथून निघाली ती सगळे कागद उतरवायचे या एकाच विचारानं. पहिला बेकरीच्या दारावर होता. तिनं एका कोपऱ्याची चिकटपट्टी सोडवली, तेवढ्यात आतून राइना धावत आली. चाळीस वर्षं पाव भाजून तिचा आवाज भट्टीसारखा झाला होता.

“अगं ए! काय करतेस? शोकपत्र फाडायचं नसतं! आपोआप गळू द्यायचं असतं!”

“राइना मावशी, हे शोकपत्र नाहीये. काका जिवंत आहेत.”

“मला सांगतेस? सकाळी दोन पाव घेऊन गेला.”

“मग?”

“मग काय? मेलेल्याचं फाडणं वाईट. जिवंत माणसाचं फाडणं तर आणखी वाईट. तू फाडलंस आणि उद्या त्याला खरंच काही झालं, तर?”

समोरच्या कॅफेतून एव्स्ताती ग्लास हातात घेऊनच आला. “सोडा की तिला. सोफियाहून शिकून आली आहे. माणूस लॅपटॉपवर मारते आणि हातानं जिवंत करते.”

दाराशी जमलेल्या दोघी-तिघी हसल्या. कोणीतरी म्हणालं, “ही पेनेवांची ना? हिनंच केला तो?” आणि ते म्हणणं हसण्यापेक्षा जास्त लागलं.

बिल्यानाचा हात खाली आला. सुटलेला कोपरा वाऱ्यानं फडफडत राहिला. आता तिला त्या दारावर दुसरीकडे बघायलाही जागा नव्हती, म्हणून तिनं शेजारच्या कागदाकडे पाहिलं. ते खरं शोकपत्र होतं, गेल्या वर्षी वारलेल्या कोणा शिक्षकाचं. फोटो त्याच उंचीवर. वरचे शब्द तेवढ्याच आकाराचे. नाव, वर्ष, मग मोकळी जागा, भोवती चौकट. दोन्ही कागद एकाच हातानं मांडल्यासारखे.

आणि तिला आठवलं. कॉम्प्युटरवर तिनं आयुष्यात मांडलेलं पहिलं पान आजोबांच्या चाळिसाव्या दिवसाचं होतं. तेव्हा ती शाळेत होती. फोटो किती मोठा, अक्षरं किती ठळक, कडेला किती जागा, हे तिनं दारोदारचे कागद बघूनच ठरवलं होतं. आई म्हणाली होती, किती स्वच्छ केलंस, रस्त्यापलीकडूनही वाचता येतं. सोफियात ज्याला तिनं स्पष्टपणा म्हणून कौतुकानं जोपासलं, तो तिच्या हाताला इथूनच लागला होता. रोज दिसणारी गोष्ट तिला दिसलीच नव्हती. ती नुसती हातातून उतरली होती.

ती परत अंगणात आली तेव्हा मेतोदी काका तिथेच होते. या वेळी तिनं लॅपटॉप काढला नाही आणि प्रिंटरचं नावही घेतलं नाही.

“काका, एक सांगायचं राहिलं.”

“आणखी काय राहिलं?”

“आज बसमधून मी तो कागद पाहिला. मला वाटलं, तुम्ही गेलात. मी क्रूस काढला. शेजारच्या बाईनंही काढला.”

काका तिच्याकडे बघत राहिले. “तूच केलेला कागद?”

“हो.”

“आणि तुलाच कळला नाही?”

“नाही कळला. खाली उतरून जवळ गेल्यावर कळला. चूक छपाईची नव्हती. मीच तशी मांडणी केली होती. फाडायला गेले, तर राइना मावशी फाडू देत नाहीत.”

काकूंनी दारातून “अगं बाई” म्हटलं. मेतोदींच्या पोटातून आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं आणि मग ते हसायला लागले. पण बिल्यानाला त्या हसण्याचा आधार वाटला नाही. ते तिच्यावरच होतं आणि बरोबर होतं. डोळे पुसून ते उठले. “त्सोंका, माझं जाकीट दे. निळं. माझा कागद मी फाडला तर राइनाची काय हरकत आहे बघू.”

मग संध्याकाळपर्यंत गावानं ती वरात पाहिली. पुढे निळं जाकीट घातलेले मेतोदी काका, मागे पिशवी उघडी धरून बिल्याना. प्रत्येक खांबाशी ते थांबत, स्वतःच्या चेहऱ्याला नमस्कार केल्यासारखी मान लववत आणि कागद टर्रकन ओढत. राइना दारात हात छातीशी धरून बघत राहिली. एव्स्तातीला मात्र राहवलं नाही.

“मेतोदी! ख्रिस्त तीन दिवसांत उठला, तुला दहा दिवस लागले. म्हातारा झालास रे!”

“त्याला त्याच्या बापानं उठवलं,” काका ओरडले. “मला उठवायचं काम हिचं होतं. हिला वेळ लागतो.”

बिल्याना पिशवीत बघत राहिली. काळ्या चौकटीतले चुरगळलेले चेहरे आत साठत होते. लोकांच्या नजरा पाठीवर जाणवत होत्या. लहानपणापासून या रस्त्यावर ती हुशार पोर म्हणून चालली होती. आजची चाल वेगळी होती.

शेवटचा कागद थांब्यावरचा. तो फाडून झाल्यावर ती धीर करून म्हणाली, “काका, आता गोळी घ्याल?”

“कागद फाटला. गोळीचं अजून ठरलेलं नाही.” त्यांनी जाकिटाची बटणं लावली. “उद्या हॉलमध्ये तो मोठा आलेख लावणार आहेस ना, माझा?”

“नाही लावणार. आणलाय, पण नाही लावणार.”

“लाव.”

एवढंच बोलून ते घराकडे वळले.

शनिवारी हॉलमध्ये बिल्यानाच्या अंदाजापेक्षा जास्त लोक आले. तपासणीपेक्षा पुढे काय होतं ते बघायलाच आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. तिनं मोठा कागद भिंतीवर लावला. यावर फोटो नव्हता आणि चौकटही नव्हती. डावीकडे वर एकशे नव्वद, तिथून टिंबाटिंबानं उतरत रेघ उजवीकडे एकशे अडतीसवर येऊन थांबलेली. पुढे कोरा कागद.

मेतोदी काका सगळ्यांच्या आधी टेबलापाशी बसले आणि बाही वर केली. वासिलेवाबाईंनी पट्टा बांधला, हवा भरली, ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, “एकशे शहात्तर.” बिल्यानाच्या कानाशी वाकून पुढे बोलल्या, “हे लावू नकोस गं. लोक घाबरतील. आणि तुझंही नाव...”

“काय कुजबुजताय?” काका म्हणाले. “एकशे शहात्तर आहे. मला ऐकू येतं. बिल्याना, लाव तिथे टिंब.”

तिनं निळा मार्कर घेतला. टिंब दिलं आणि रेघ जोडली. इतकी खाली उतरलेली रेघ एकदम उभी वर चढली.

“म्हणजे...” राइना खुर्चीतून पुढे झुकली. “वर जाणं वाईट? आणि खाली जाणं चांगलं?”

“हो, मावशी.”

“मग हे आधीच सांगायचं ना! मी दहा-अकरा दिवस उलटं समजत होते.”

“आता तिथे लिही,” काकांनी टोकाकडे बोट दाखवलं. “का वर गेली ते.”

आलेखाच्या वळणावर चार शब्दांत कारण लिहावं, हे बिल्यानानं कितीतरी जणांना शिकवलं होतं. तिनं मार्कर टेकवला आणि नेटक्या अक्षरांत लिहिलं: ‘इथे गोळ्या थांबल्या.’

काकांनी चष्मा लावून वाचलं. “थांबल्या? आपोआप थांबल्या?”

तिला कळलं. वाक्य खोटं नव्हतं, पण त्यात कोणी माणूसच नव्हता. तिनं ते खोडलं. मोठ्या स्वच्छ कागदावरची पहिली खाडाखोड.

“मी सांगतो, तू लिही,” काका म्हणाले. “इथे बिल्यानानं मला मेलेल्यांच्या रांगेत चिकटवलं.”

मार्कर करकरला. मागच्या रांगेत एव्स्ताती ज्यांना दिसत नव्हतं त्यांना शब्द न् शब्द वाचून दाखवत होता.

“मी चिडलो.”

‘मी चिडलो.’

“चिडून गोळ्या सोडल्या. तोही गाढवपणाच. गाढवपणा लिही.”

लोक हसले. तिनं लिहिलं. अक्षरं आता सरळ येत नव्हती. तिनं मार्करचं टोपण लावायला घेतलं, तर काकांनी मान हलवली.

“आडनाव लिही. गावात बिल्याना दोन आहेत. त्या दुसरीला उगाच कशाला त्रास?”

ती दुसरी बिल्याना खिडकीशी उभी होती. तिनं चटकन खाली पाहिलं. तिसऱ्या रांगेत बिल्यानाची आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. आईकडे न बघता बिल्यानानं ‘बिल्याना’च्या पुढे वर एक छोटी खूण केली आणि मोकळ्या जागेत लिहिलं: पेनेवा. सगळ्या कागदावर तेच सर्वांत ठळक दिसायला लागलं. ते दाराजवळूनही वाचता येत होतं, आणि दाराजवळची माणसं ते वाचतही होती.

मेतोदी काकांनी पुन्हा एकदा सगळं सावकाश वाचलं. मग निळ्या जाकिटाच्या खिशात हात घालून डबी काढली, झाकण उघडलं आणि एक गोळी तळहातावर घेतली. डबी त्यांनी घरून निघतानाच बरोबर आणली होती.

“पाणी कुठे मिळतं इथे?”

नळ हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. बिल्यानानं टेबलावरचा ग्लास उचलला आणि खुर्च्यांमधून वाट काढत निघाली. कोणी पाय आत घेतले, कोणी नाही. सगळे एकदा तिच्याकडे आणि एकदा भिंतीवरच्या नावाकडे बघत होते. तिनं मान खाली घातली नाही, पण कान पुन्हा तापले होते. तिनं ग्लास भरला आणि तशीच, सगळ्यांच्या मधून, हळूहळू परत आली. पाणी सांडू नये, एवढ्याकडेच तिचं लक्ष होतं.